घरचं माणूस

सोमवार, ४ मे

आज माझं करिअर ठरलं. जेवताना! मला विचारलंसुद्धा नाही.

दादा म्हणाला, "दवाखान्याशेजारचा गाळा घेतोय. लॅब टाकू. चिमणे, तू टेक्निशियनचा दोन वर्षांचा कोर्स करून टाक. घरचं माणूस असलं की डोक्याला ताप नाही."

बाबांनी मान डोलावली. आई ताटात बघत राहिली.

मी विचारलं, "आणि पगार?"

सगळे हसले. दादाला तर ठसका लागला. "घरच्या माणसाला कसला पगार!"

मीही हसले. त्याचाच जास्त राग येतोय.

बुधवार, ६ मे

मेडिकलच्या परीक्षेत माझे मार्क कमीच होते, खोटं कशाला लिहू. पण दादाचेही पहिल्या वेळी कमीच होते. त्याला पुन्हा परीक्षेला बसू दिलं. मला म्हणाले, बीएस्सी कर, एका घरात एक डॉक्टर पुरे. तेव्हापासून क्लासमध्ये दुसऱ्यांच्या पोरांना जीवशास्त्र शिकवतेय. त्यातली दोन मेडिकलला लागतील यंदा. पेढे — नकोत मला.

वहिनी लग्न झाल्या झाल्या दवाखान्याच्या काउंटरवर बसली ती बसलीच. नंबर लावते, फोन घेते, पेशंटची बोलणी खाते. तीही "घरचं माणूस". दादा बोलला की हिची मान हलते. मला तसं व्हायचं नाही.

दवाखान्याच्याच वाटेला जायचं असेल तर निदान वाट मी निवडीन.

सोमवार, ११ मे

क्लासमधल्या एका मुलीचे वडील मोठ्या हॉस्पिटलात एक्स-रे काढतात. त्यांनी दुपारभर बसू दिलं. दोन-तीन वर्षांचा कोर्स. सुरुवातीचा पगार बेताचाच. मोठ्या मशीनवर हात बसला की बरा. खोली गार, खिडकी नाही. शिशाचा एप्रन मी घालून पाहिला — खांदे खाली आले.

दिवसभर एकच: "श्वास घ्या. धरा. सोडा."

"कंटाळा येत नाही?" विचारलं.

"येतो की! रस्त्यात पेशंट भेटला तर ओळखत नाही मी. शर्ट काढला तर ओळखेन."

मनापासून हसले. बऱ्याच दिवसांनी.

मंगळवार, १२ मे

भांडण नाही, अंगाला घाण नाही, रात्रपाळी कमी. मग मन का होत नाही? मूर्ख आहे मी.

शनिवार, १६ मे

शेजारच्या सिस्टर त्यांच्या वॉर्डात घेऊन गेल्या. बायकांचा वॉर्ड. फिनेलचा वास नाकातून जातच नाही.

आत पाऊल टाकतोय तोच एका पेशंटचा मुलगा त्यांच्या अंगावर धावून आला. सलाईन संपलंय, तुम्ही झोपा काढता का! सिस्टरनी बाटली बदलली. मग त्याच्या आईची कूस बदलली, पाठ पुसली, पावडर लावली. म्हातारी म्हणाली, "माझा पोरगा तापट आहे हो." सिस्टर म्हणाल्या, "असू दे. घाबरलाय तो."

चहा पिताना पगाराचं विचारलं.

"सांगते. आधी हे पाय बघ." नसा दोऱ्यांसारख्या वर आलेल्या. "चार वर्षं शिक. प्रायव्हेटमध्ये राबवून घेतील, हातावर चिल्लर ठेवतील. सरकारीत नीट मिळतं, पण जागा निघाल्या तर. सण नाही, रविवार नाही. डॉक्टरची चूक झाली तरी आधी तुलाच विचारतील."

"मग तुम्ही का टिकलात?"

"पहिल्या पगाराच्या दिवशी घरात माझ्यासाठी खुर्ची सरकवली गं कुणीतरी."

एवढंच बोलल्या. बेल वाजली, निघून गेल्या.

मंगळवार, १९ मे

घरी सांगितलं. नर्सिंगची प्रवेश परीक्षा देणार.

बाबा: "एवढं शिकून लोकांची ढुंगणं पुसणार?"

दादाची लहानपणी कोण पुसत होतं, हे आईने तरी म्हणावं! ती उठून ओटा पुसायला लागली. पुसलेलाच.

मग वहिनीने स्वयंपाकघरात मला गाठलं. किती वर्षं? हॉस्टेल सक्तीचं का? सरकारी कॉलेजची फी किती? वयाची अट असेल ना? तपासणीच चालली होती. माझं वय निघून गेलंय हे ऐकायला आली असणार. दादानेच पाठवली असेल. मी तुटक उत्तरं दिली. वयाची अट मला आडवी येत नाही, हे मात्र ठासून सांगितलं.

शनिवार, २३ मे

दादा चिडला. "पेशंटना काय सांगू? डॉक्टरची बहीण बेडपॅन उचलते?"

"आत्ता काय सांगतोस? डॉक्टरची बायको फुकट राबते म्हणून?"

तोंडातून गेलं. वहिनी दारातच उभी होती. तिने हातातले कप टेबलावर ठेवले आणि आत गेली.

दादाला लागावं म्हणून बोलले. लागलं तिला.

मंगळवार, २ जून

अर्ज भरला, क्लासच्या पैशांतून. बाबा म्हणाले, "पुढे माझ्याकडे हात पसरू नकोस." नाही पसरणार. सरकारीत लागला नंबर तर ठीक, नाहीतर संपलं. मग लॅब. मग जन्मभर दुसऱ्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि घरचं माणूस म्हणवून घ्यायचं.

दादा बोलत नाही. वहिनी बोलत नाही. घरात बोलतो तो फक्त टीव्ही.

शनिवार, १३ जून

उद्या परीक्षा. शुभेच्छा — कुणाच्याच नाहीत.

रविवार, १४ जून

परीक्षेच्या शाळेच्या फाटकाशी वहिनी! मला परत न्यायला आली असं वाटून मी रस्ता ओलांडला. ती मागून धावत आली, धापा टाकत. "ताई, थांबा हो. जास्तीचं पेन आहे का? माझं चालत नाहीये." तिच्या हातात प्रवेशपत्र होतं. तिचं.