वेगाचा मीटर सोडून

ता. ३ ऑक्टोबर

चि. भाऊजी यांस,

अ. उ. आ. चिरंजीव म्हणवून घेण्याचं वय तुमचं केव्हाच सरलं, पण मी तुमच्या थोरल्या भावाची बायको आहे, तेव्हा तेवढा मान मी घेणारच. फोनवर तुम्हाला माझं निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही ऐकत नाही, म्हणून हे पत्र.

बातमी अशी, की यांची जीप मी पुन्हा रस्त्यावर आणते आहे. हे गेल्यापासून चौदा महिने पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्री पांघरून उभी होती. इंजिन सुरू झालं, ब्रेक लागतात, हॉर्न तर सगळ्या गल्लीला पाठ झाला. घोडं अडलंय ते डॅशबोर्डवर. पाच मीटर, पाचही मेलेले. पेट्रोलचा काटा गेली नऊ वर्षं अर्ध्यावर. हे टाकीत काठी बुडवून बघायचे. पाण्याच्या तापमानाचा काटा थंड, बॉनेटमधून वाफ आली तरी थंड. तेलाच्या दाबाच्या मीटरची काच इतकी पिवळी पडली आहे, की आत काटा आहे हे मी ऐकीव माहितीवर धरून चालते. करंटचा काटा हलतो, पण चाक खड्ड्यात गेलं तरच. पाचवा वेगाचा, तो शून्यावर. गाड्या तपासणारा साहेब म्हणाला, की हा चालल्याशिवाय कागदावर सही करणार नाही.

हा शेवटचा उभ्या उभ्या मेला याचं मला नवल वाटतं. डॉक्टरांनी यांना गाडी चालवायला बंदी केली तेव्हा तो ठणठणीत होता. त्यानंतर रोज संध्याकाळी मी बॅटरी घेऊन शेडमध्ये जायची आणि त्याच्यावरचा किलोमीटरचा आकडा वाचून यायची. आकडा हलला नाही म्हणजे हे हलले नाहीत, असा माझा कायदा होता. आठ महिने तो यांनी पाळला.

कोपऱ्यावरचा फिटर पाचही मीटर बदलून देणार आहे. गाडी मी चालवणार. शिकले आहे, हसू नका. यांनी जन्मभर पाण्याच्या पाइपलाइनवर ज्या वाटांनी ही जीप फिरवली, त्यातली एकही मी पाहिलेली नाही. ती पाहायची आहे.

तुम्ही या चौदा महिन्यांत एकदाही आला नाहीत. निवृत्त माणसाला सवड नसते हे मला ठाऊक आहे.

लोभ आहेच, कधीतरी त्याने तोंडही दाखवावं.

तुमची,
वहिनी

ता. ९ ऑक्टोबर

तीर्थरूप वहिनींस,

शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून आनंद झाला आणि काळजी त्याहून जास्त. ही जीप म्हणजे स्वयंपाकघरातला मिक्सर नव्हे, की बिघडला आणि कोपऱ्यावरून दुरुस्त करून आणला. असल्या जुन्या गाडीत मूळ वस्तूला मोल असतं. फिटर लोकांना पाना कळतो, इतिहास कळत नाही. माझं ऐकाल तर जीप ट्रकवर घालून माझ्याकडे पाठवा. मी सावकाश, पद्धतशीर सगळं करीन.

ऐकणार नाही हे गृहीत धरून चार मीटर पार्सलने पाठवतो आहे. प्रत्येकाला ट्रेसिंगच्या कापडाची पट्टी बांधली आहे आणि कोणती तार कुठे ते लिहिलं आहे. आयुष्यभर नकाशे काढलेल्या माणसाचं अक्षर आहे, फिटरलासुद्धा वाचता येईल. तापमानाच्या मीटरमागे तांब्याची बारीक नळी आहे. ती लांब वाटली तरी कापायची नाही. कापली की मीटर कायमचा गेला.

वेगाच्या मीटरला मात्र कुणालाही हात लावू देऊ नका. तो दुर्मिळ आहे. त्याच्या मागची बाजू उघडायचीसुद्धा नाही. गुडघा बरा झाला की मी स्वतः येऊन बघेन. साहेबाला तसं सांगा.

आपला लोभ आहे तसा राहावा. फिटरवर इतका भरवसा आणि घरच्या माणसावर नाही, असं होऊ नये.

आपला,
भाऊजी

ता. २१ ऑक्टोबर

चि. भाऊजी यांस,

अ. आ. आज ‘उत्तम’ घातलेलं नाही, नजरचूक समजू नये.

तुमचे चार मीटर बसले. फिटर तांब्याची नळी कापायला निघालाच होता. मी त्याला तुमची पट्टी वाचून दाखवली. तो म्हणाला, या माणसाला घरी कुणी बोलायला नसेल. पेट्रोलच्या काट्याने पहिल्या दिवशी गंमत केली. टाकी भरली की रिकामी दाखवायचा आणि रिकामी झाली की भरलेली. फिटर म्हणाला, बाई, उलटं वाचायची सवय ठेवा. मी म्हटलं, उलटं वाचण्यासाठी मी वाचायला शिकले नाही. मग त्याने टाकीतला तरंगणारा फ्लोटही बदलला.

पाचव्याकडे वळते. तुमच्या पत्रात चार मीटरना मिळून जेवढी जागा आहे तेवढी या एकट्याला. माणसाला मीटरबद्दल इतका जिव्हाळा कशाने वाटावा, याचा मी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी फिटरला म्हटलं, उघड.

मीटर मेलेला नाहीच. काटा आणि आकडा दोन्ही फिरवणारी मागची केबल सोडवून ठेवली आहे. तुटलेली नाही, गंजलेली नाही, सोडवलेली. टोकाला धूळ जाऊ नये म्हणून फडकं गुंडाळलं आहे, तांब्याच्या तारेने नीट बांधलं आहे, आणि त्याला ट्रेसिंगच्या कापडाची पट्टी आहे: “वेगमापक केबल. तात्पुरती सोडवली. परत जोडणे.” खाली तारीख. डॉक्टरांनी बंदी केली त्याच्या नवव्या दिवसाची.

भाऊजी, चोर पुष्कळ पाहिले. चोरीला लेबल लावून तारीख घालणारा आमच्याच घराण्यात निघाला.

मी वाचनालयात बसायची मंगळवारी आणि शुक्रवारी, अकरा ते चार. परत येऊन बॉनेटला हात लावला की गरम लागायचं. हे म्हणायचे, बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन जागेवरच चालू ठेवलं होतं. मी खूश. संध्याकाळी आकडा वाचायला जायची, तेव्हा हे खुर्चीतून विचारायचे, काय म्हणतोय मीटर? मी सांगायची, तुमच्यासारखाच शहाणा झालाय.

मला गुडघा नको, इतिहास नको. कुठे जात होता ते लिहा. वर्षभर मी स्वतःची अशी समजूत घातली, की निदान शेवटचे आठ महिने मी त्यांना जपलं. ती समजूत तुमच्या पट्टीने नेली. तिच्या जागी ठेवायला मला काहीतरी द्या, आणि ते खरं असू द्या.

लोभाचं उत्तर आल्यावर पाहू.

वहिनी

ता. २९ ऑक्टोबर

तीर्थरूप वहिनींस,

शि. सा. न. वि. वि. हे चौथ्यांदा लिहितो आहे. आधीची तीन फार सुबक झाली होती.

डोंगरापलीकडच्या जुन्या दगडखाणीवर जायचो. पाइपलाइनची वाट तिथवर जाते. मी पहिल्या बसने येऊन कोपऱ्यावर थांबायचो, तुम्ही वळलात की आत. गाडी दादाच चालवायचा. दुसरं कुणी नव्हतं, दुसरं काही नव्हतं. वर जाऊन इंजिन बंद करायचं, खाणीत साठलेलं पाणी बघायचं, तीनच्या आत खाली यायचं.

दादा बोलायचा तुमच्याबद्दल. संध्याकाळी तुम्ही त्याला पुस्तक वाचून दाखवायचात, ते तो मला सांगायचा, आणि सगळं चुकीचं सांगायचा. मेलेली माणसं जिवंत करायचा. मी वाद घातला की म्हणायचा, तिने असंच वाचलं. तुमची नक्कलही करायचा: चष्मा कपाळावर, एक डोळा मिटून, बॅटरी मीटरवर. हुबेहूब. मी हसलो आहे, नाही कशाला म्हणू.

आता जे तीनही पत्रांत गाळलं ते. चौथ्या महिन्यात दादा म्हणाला, केबल जोड. ती इतकी मन लावून आकडा वाचते, की मला लाज वाटते. तिला सांगून जाऊ, नाहीतर तिलाच घेऊन जाऊ. मी नको म्हटलं. तुम्ही बंद कराल म्हणालो. खरं कारण ते नव्हतं. तुम्ही आलात की मागच्या सीटवर मी बसणार, आणि मग हळूहळू घरीच. माझ्याकडे तेवढे दोनच वार होते, वहिनी. तुमचा फिटर म्हणाला ते बरोबर आहे.

शेवटच्या शुक्रवारी वर गेलो होतो. रविवारी दादा गेला. त्यानंतर तुमच्या घराची पायरी चढायला पाय उचलला नाही. गुडघा चांगला आहे.

लोभ असावा असं लिहायचा हक्क मी घालवला. हात सवयीने तिकडे जातो, म्हणून इथेच थांबवतो.

भाऊजी

ता. ५ नोव्हेंबर

चि. भाऊजी यांस,

अनेक आशीर्वाद. उत्तम की कसे, ते अजून ठरत नाही.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा दिवाणखान्यात त्यांच्या खुर्चीसमोर, मोठ्याने. मग डॉक्टरांकडे गेले आणि सरळ विचारलं. ते म्हणाले, चढावर गाडी चालवल्यामुळेही झालं असेल, घरात बसूनही झालं असतं, कुणी सांगू शकत नाही. विधवांना सांगायचं एक उत्तर त्यांच्याकडे तयार असतं. तुमच्यासाठी त्याहून बरं माझ्याकडेही नाही. तुमच्यामुळे गेले असं मी म्हणणार नाही, आणि तुमच्यामुळे गेले नाहीत असंही म्हणणार नाही. हे दोघांनी मिळून वागवायचं.

राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. तुम्ही दोघे दगडावर बसून माझ्यावर हसत होता याचाही नाही; बॅटरी घेऊन मीटरपुढे वाकलेली बाई दिसायला हसण्यासारखीच असते. राग याचा, की त्यांनी मला न्यायचं म्हटलं आणि तुम्ही नको म्हटलंत. मी ‘नाही’ म्हटलं असतं की ‘चला’ म्हटलं असतं, हे मला स्वतःला कधीच कळणार नाही. ते तुम्ही परस्पर ठरवलंत. माणूस गेल्यावर बायकोकडे काय काय उरतं, त्यातली ही एक गोष्ट तुम्ही उचलून नेलीत. माफ केलं असं लिहिलं तर पुढच्या पत्रात ते खोडावं लागेल, म्हणून लिहीत नाही.

केबल फिटरने जोडली. जुनाच मीटर लख्ख चालतो. साहेब शेजारी बसून फेरी मारून आला, उतरताना म्हणाला की बाई गाडी हळू चालवतात. पूर्ण दाबलं तरी काटा पंचेचाळिसाच्या पुढे जात नाही. हे मला सत्तर सांगायचे. सही मिळाली.

परवा एकटी निघाले होते. पाइपलाइनच्या वाटेला दोन फाटे लागले. कोणता खाणीकडे जातो ते कळेना, विचारायला माणूस नव्हता. अर्धा तास तिथे उभी राहिले आणि परत आले. तुमच्या मदतीची गरज पडावी याची मला मनस्वी चीड आली, हे तुम्हाला कळलेलं बरं.

तर येत्या शुक्रवारी या. कोपऱ्यावर थांबायचं नाही, दारातून आत यायचं, चपला बाहेर काढायच्या. अकराला निघू. गाडी मी चालवीन, तुम्ही फक्त वाट दाखवायची. गिअर बदलताना आवाज आला तर खिडकीबाहेर बघायचं. वर पोचल्यावर मी इंजिन बंद करीन, मग पहिल्या मंगळवारपासून सुरू करायचं आणि एकही वार गाळायचा नाही. कुठल्या पुस्तकातलं कोण त्यांनी जिवंत केलं, ते नावनिशीवार हवं. ती पुस्तकं मी बरोबर घेते आहे. नक्कलही करून दाखवावी लागेल. त्यांना साधायची तशी साधणार नाही हे मी धरून चालले आहे.

हे सगळं सांगून झाल्यावर खाली येताना तुम्हाला गाडीत घ्यायचं का, ते मी तिथेच ठरवीन. पायात चांगले बूट घालून या.

लोभ किती ठेवायचा, तेही वरच पाहू.

तुमची,
वहिनी