वासरांना सुई टोचू नका

बाबा,

ट्रकमधून उतरलेल्या वासरांना अँटिबायोटिकची सुई टोचायला निघाला असाल, तर आधी हे वाचा. मी सगळ्यांच्या नाकात औषधाचा फवारा मारलाय. त्याने त्यांची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी होते आणि प्रवासाने दमलेली वासरंही न्यूमोनियाला तोंड देतात. गुरांच्या डॉक्टरीणबाईंना विचारूनच केलंय. तुम्हाला विचारलं नाही, कारण तुमचं उत्तर मला पाठ आहे.

वासरू ट्रकच्या फळीवरून उतरलं की टोच सुई, हे आता बंद. मागच्या खेपेला टोचूनही वासरं गेलीच ना? औषधाच्या कपाटाची किल्ली आईकडे आहे. एखाद्याला खरंच ताप भरला तर ती लगेच देईल. नुसत्या सवयीने मागितलीत, तर गाठ तिच्याशी आहे.

मी उरलेली वासरं आणायला जातेय. त्यांच्याही नाकात हेच जाणार. आल्यावर हवं तेवढं ओरडा, गोठा आपलाच आहे.

लहानपणी मला सर्दी झाली की तुम्ही आईला गोळी देऊ द्यायचा नाहीत. "तिच्या अंगाला लढू दे," म्हणायचात. मग या वासरांनीच तुमचं काय घोडं मारलंय?

तुमचीच लेक