शिट्टी वाजवणारा इसम हजर करण्याबाबत

प्रति,
मा. उपविभागीय अभियंता (दूरध्वनी),
देवसांगवी, जि. उस्मानाबाद

विषय : सोसायटीच्या गोदामातील धोक्याच्या यंत्राने ऑपरेटरबाईंना शिट्टी वाजवल्याबाबतचा खुलासा व तोडलेली लाइन जोडून मिळणेबाबत.

संदर्भ : आपली नोटीस, दि. २३ फेब्रुवारी १९८७.

महोदय,

मी खाली सही करणार, मौजे हिवरशिरा येथील सेवा सहकारी सोसायटीचा सचिव, सविनय सादर करतो की, आपली नोटीस मिळाली. सोसायटीच्या फोनवरून कोणी इसमाने ऑपरेटरबाईंना तेरा वेळा शिट्टी वाजवली, सबब लाइन तोडली असून सदर इसमास सात दिवसांत समक्ष हजर करावे, असे तीत म्हटले आहे. आपण तत्परता दाखवलीत. लाइन मिळण्यास आम्हाला चौदा महिने लागले होते, तुटण्यास एक दिवस पुरला.

१. सदर इसम हा इसम नसून यंत्र आहे. ते गोदामाच्या भिंतीला चार स्क्रूंनी बसवलेले असल्याने स्वतः चालत येऊ शकत नाही. गोदामाचे दार कोणी फोडले की यंत्राने फोन उचलून पोलीस चौकीचा नंबर आपोआप फिरवायचा व टूं-टूं असा आवाज द्यायचा, अशी योजना आहे. ते आपल्या लाइनवर चालेल, असे आपल्याच कार्यालयाचे पत्र आहे. आपल्या केंद्रात नंबर फिरवून फोन लागत नाही, रिसीव्हर उचलला की ऑपरेटरबाई विचारतात आणि मग जोडून देतात, ही गोष्ट पत्र लिहिताना आपल्या ध्यानातून गेली असावी. आमच्याही गेली. पुण्याहून आलेल्या तंत्रज्ञांनी ३ फेब्रुवारीस चार वेळा चाचणी घेतली, लाल दिवा लागलेला पाहून समाधान व्यक्त केले व दुपारची एस.टी. पकडली. तेरापैकी पहिल्या चार शिट्ट्या त्या होत.

२. यंत्र आले म्हणून सोसायटीने गोदामाचे राखणदार दगडोबा सोनकांबळे, वय ६२, यांना कामावरून कमी केले. त्या पत्रावर सही माझी आहे. दगडोबा पत्र घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी येऊन गोदामाच्या सावलीत बसले. मी म्हणालो, "दगडोबा, आता पगार न्हाय." ते म्हणाले, "पगाराचं कोण बोलतंय सायेब? घरी बसून करमंना."

३. गोदामात गावाच्या बोअरची नवी मोटर होती. गावातील दोन्ही विहिरी आटल्या आहेत. टँकर आठवड्यातून दोनदा येतो, तोही सांगितलेल्या दिवशी नाही. विजेची जोडणी झाली की मोटर बसायची होती. दि. १९ रोजी दुपारी एक वाजता सारा गाव पाझर तलावाच्या कामावर असताना टेम्पोतून चौघे आले व "मोटर दुरुस्तीला न्यायची" म्हणाले. दगडोबा म्हणाले, "नवी हाय ती. सचिवाची चिठ्ठी दावा." चिठ्ठीऐवजी त्यांना पायरीवरून ढकलून देण्यात आले. उजवा पाय मोडला. मग कुलूप तोडले.

४. यंत्राने कर्तव्यात कसूर केली नाही. ऑपरेटर श्रीमती कमलबाई सुरवसे यांनी विचारले, "नंबर प्लीज?" यंत्र म्हणाले, टूं-टूं. त्यांनी फोन तोडला. यंत्राने पुन्हा उचलला. असे बारा मिनिटांत नऊ वेळा झाले. शेवटी त्यांनी "घरी आया-बहिणी न्हाईत का?" असे बजावून तक्रार लिहिली, ती नियमानुसारच होती. मी त्यांना भेटलो तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाल्या, "दादा, मला एका शब्दानं कुणी सांगितलं असतं, तर मी चौकीला स्वतः फोन लावला असता." त्यांना कोणी का सांगितले नाही, याचा खुलासा मात्र मजकडे मागितलेला नाही.

५. दगडोबा मोडक्या पायाने सरपटत सडकेपर्यंत गेले व उमरग्याची एस.टी. अडवली. कंडक्टरने त्यांना आत घेतले आणि पुढच्या नाक्यावर पोलिसांना सांगितले. टेम्पो चहासाठी तेथेच थांबला होता. चौघे धरले गेले, मोटर चौथ्या दिवशी गावात परत आली. म्हणजे चोरीची वर्दी एस.टी.ने पोहोचवली. तिला परवानगीपत्र लागले नाही.

६. दवाखान्यात मी दगडोबांची माफी मागितली. ते म्हणाले, "सायेब, ते राहू द्या. मोटर बसली का?"

सबब विनंती की, समक्ष हजेरीचा हुकूम रद्द करून लाइन जोडून द्यावी. यंत्र आम्ही काढून ठेवले आहे. सोसायटीने दगडोबांना पूर्ववत कामावर घेतले असून फोन गोदामातील त्यांच्या खाटेशेजारी बसवण्याचा ठराव केला आहे. त्यांना आकडे वाचता येत नाहीत, नंबर फिरवता येत नाही. आपल्या केंद्रास त्याची गरजही नाही. कमलबाईंनी विचारल्यावर ते तोंडाने सांगतील.

उत्तराची वाट पोस्टाने पाहणारा,
आपला नम्र,
बंडप्पा शिवलिंग बिराजदार
सचिव, सेवा सहकारी सोसायटी, हिवरशिरा
दि. २ मार्च १९८७

सोबत : १) आपल्या परवानगीपत्राची नक्कल. २) श्रीमती सुरवसे यांचा जबाब. ३) दगडोबा सोनकांबळे यांच्या पायाबाबत डॉक्टरांचा दाखला.