चुकीच्या बाजूला तीन पावलं

शारजा,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय फिरदोस,

सलाम. घरी सगळे बरे असतील. अम्मीचा गुडघा, अब्बांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, सगळं ठीक असेल असं धरून चालते. मी बरी आहे. इथली थंडी संपत आली. अलीमियाँ बुधवारी गावी निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देते. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय आणि दोन ओळींमध्ये जागा सोडलीय.

एक प्रश्न आहे. खेळणारा माणूस खेळण्याच्या स्थितीत नाही, हे कोणी ठरवायचं? त्याने स्वतः, कोचने, की बाजूला उभं राहून बघणाऱ्याने? बी.पी.एड.च्या परीक्षेत हा आला असता तर मी पानभर लिहिलं असतं. आज मला उत्तर येत नाही.

आधी माझी नोकरी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. दुबईतल्या एका अमेरिकन फुटबॉल क्लबात मी मॅचची फिल्म कापते. हा आपला फुटबॉल नव्हे. बॉल नारळासारखा लांबट, डोक्यावर हेल्मेट, आणि खेळ दर पाच-सात सेकंदांनी थांबतो. त्या एका तुकड्याला प्ले म्हणतात. दोन प्लेंच्या मध्ये प्रत्येक टीम आपापला घोळका करून पुढची चाल ठरवते. मी प्रत्येक प्ले वेगळा करायचा, नंबर द्यायचा आणि कोचकडे न्यायचा. बाबा अजून विचारतात, "नुसतं बघायचे पैसे देतात?"

कोच वॉल्डन सहासष्ट वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं हेच केलं. ओहायोतल्या एका शाळेत दिवसा इतिहास शिकवायचे, संध्याकाळी खेळ, आणि मुलांचे मळके कपडे स्वतः धुवायचे. मग कॉलेज, मग तिथल्या मोठ्या व्यावसायिक टीममध्ये मदतनीस कोच. अकरा शहरं झाली. मोसम वाईट गेला की मुख्य कोचला काढतात आणि त्याच्याबरोबर सगळ्या मदतनिसांना. मग जानेवारीत फोन टेबलावर उताणा ठेवून बसायचं, असं ते सांगतात. स्वतः मुख्य कोच एकदाच झाले. सोळा सामने, त्यांतले तीन जिंकले. त्यांच्या घरी मी एकदा हार्ड डिस्क द्यायला गेले होते. हॉलमध्ये टेप न काढलेली खोकी, त्यांवर तीन वेगवेगळ्या शहरांची नावं. मी बघतेय हे पाहून म्हणाले, "उघडली की परत बांधावी लागतात."

तरुणपणी त्यांनी माझंच काम केलंय. तेव्हा फिल्म खरोखरच कापून चिकटवायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला शिकवलं, "बॉल सगळेच बघतात, संजना. तू पाय बघ. माणूस तोंडाने काहीही सांगेल, पायांना ते जमत नाही."

मागच्या शनिवारी सेमीफायनल झाली. आमच्यात अर्सलान आहे. चोवीस वर्षांचा, घर मूळ राजापूरचं, जन्म इथला, दिवसा हमरिया फ्री झोनमध्ये पाइपच्या कंपनीत. त्याच्यासाठी युरोपातल्या एका टीमचा माणूस फायनल बघायला येणार होता. फायनल जिंकली तर कोचनाही अमेरिकेतून एक फोन यायची आशा होती. शेवटचा एक मोसम, तिकडे.

रविवारी मी कापायला बसले. प्ले नंबर एक्केचाळीस. अर्सलानचं हेल्मेट जोरात आदळलं. तो उठला आणि तीन पावलं समोरच्या टीमच्या घोळक्याकडे चालत गेला. आमच्यातल्या एकाने खांदा धरून त्याला वळवलं. सगळे हसले. पुढे तो मॅचभर खेळला.

मी त्याला फोन केला. "दीदी, टेन्शन मत ले. एकदम फिट हूँ."

"उनकी तरफ क्यूँ जा रहा था?"

"उनका पानी ज़्यादा ठंडा था ना!" स्वतःच हसला. मी कालचा स्कोअर विचारला. त्याने त्याच्या आधीच्या मॅचचा सांगितला.

लीगचा नियम साधा आहे. डोक्याला मार लागल्याचा संशय आला तर ती फिल्म लीगच्या डॉक्टरकडे जाते, आणि त्यांनी तपासल्याशिवाय खेळाडू उतरत नाही. मी कोचना एक्केचाळीस दाखवली. 

"तो काय म्हणतो?"

"ठीक आहे म्हणतो."

"मग ठीक आहे." मग खुर्ची मागे सारून म्हणाले, "या प्लेमध्ये कॅमेरा फार हलतोय. ही फिल्म पाठवण्यासारखी नाही."

कॅमेरा हलत नव्हता. स्टँडवर होता, मीच लावला होता.

मी कशाबद्दल लिहितेय ते तुला आता कळलं असेल.

चिपळूणची आपली कबड्डीची फायनल. पकडीत तुझं डोकं जमिनीवर आपटलं. तू उठलीस आणि त्यांच्या अंगणात जाऊन उभी राहिलीस, कमरेवर हात ठेवून, त्यांच्याच मुलींच्या रांगेत. सगळं मैदान हसलं. कॅप्टन मी होते. तुझं मनगट धरून ओढलं आणि मोठ्याने म्हणाले, "काय गं, सासर केलंस की काय तिकडे?" शेवटची चढाई तुलाच दिली. तू दोन गडी मारून आलीस. कप आपला झाला.

त्या कपावर मला खेळाडू कोट्यातून कॉलेजात प्रवेश मिळाला. तू बारावीचा पहिला पेपर अर्ध्यात सोडून उठलीस, कारण अक्षरं हलत होती. गणित तुला माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं यायचं. आमच्या घरातली पहिली पदवी मी आणली. तुमच्या घरातली तू आणणार होतीस.

आपण सतरा वर्षांच्या होतो, मला काय कळणार, असं मी सगळ्यांना सांगत आलेय. ते खरं नाही. मनगट धरलं तेव्हा तू मला हळूच विचारलंस, "ताई, तुम्ही कुठल्या टीमच्या?"

मला, ताई. मी ते ऐकलं होतं. ऐकून तुला चढाईला पाठवलं.

एक्केचाळीस मी सोमवारी सकाळी डॉक्टरांना पाठवली. कोचना त्याच मेलमध्ये घातलं, लपवून काही केलं नाही. डॉक्टरांनी अर्सलानला चार आठवडे बसवलं. काल फायनल झाली, सहा गुणांनी हरलो. युरोपातला माणूस दुसऱ्या कोणाचं नाव लिहून गेला. अर्सलान माझ्याशी एवढंच बोलला, "दीदी, अपनीच टीम का विकेट लिया तूने."

मॅच संपल्यावर कोच फिल्मच्या खोलीत आले. इथे नोकरी गेली की व्हिसाही जातो, त्यामुळे मी मनात सामान बांधायला घेतलं होतं. ते म्हणाले, "एक्केचाळीस लाव." दोनदा बघितली. "ओहायोत माझ्याकडे एक मुलगा होता..." एवढं बोलून त्यांनी पडदा बंद केला. त्यांचा फोन टेबलावर उताणा पडला होता. मी तिथे होते तोवर वाजला नाही.

आता राहिलेलं. त्या वर्षी अब्बा आमच्या घरी आले होते. मुंबईच्या डॉक्टरांना बघायचं होतं तू नेमकी कशी पडलीस, पडल्यावर कशी वागलीस. कोणाकडे व्हिडिओ आहे का? मी त्यांना पाणी दिलं आणि नाही म्हणाले. व्हिडिओ माझ्याच फोनमध्ये होता, आपल्या राखीव मुलीने बाहेरून काढलेला. कप परत मागतील, प्रवेश जाईल, असं काहीतरी डोक्यात होतं. नऊ वर्षांत मी चार फोन बदलले. दर वेळी तो आधी नव्या फोनमध्ये घेतला आणि एकदाही उघडला नाही.

आज सकाळी उघडला. पूर्ण बघितला आणि अब्बांच्या त्याच जुन्या नंबरवर पाठवला. कुठेही कापलेला नाही. तुझे पाय त्यात आहेत, माझा हात आहे, माझं हसणंही आहे. हे पत्र त्यानंतर लिहायला घेतलं, म्हणजे लिहिता लिहिता मागे फिरायला वाट राहू नये.

तू जिला ताई म्हणालीस ती,
संजना