गाडी दमून आली आहे

ती. मामांच्या पायांशी (दोन्ही पायांशी, पण ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला धक्का न लावता) भाच्याचा नमस्कार.

गुडघा आता वाकतो का? मामी तुम्हाला जिना चढू देतात का? आम्ही सगळे मजेत आहोत. आई तर फारच मजेत, त्याचं कारण ओघात येईलच. मी हे पत्र एका पंक्चरवाल्याच्या बाकावर बसून लिहितो आहे. सावली चांगली आहे आणि घाई कसलीच नाही.

गेल्या महिन्यात तुम्ही फोनवर म्हणालात, की त्या विजेच्या खेळण्यावर माझ्या बहिणीला बसवून वाटेत सोडणार आहेस का? मामा, ते मला लागलं. आईला बस लागते (खिडकीशी बसवली तरी लागते, नुसता थांबा दिसला तरी लागते), म्हणून तुमच्या ऑपरेशनलासुद्धा तिला येता आलं नाही. तेव्हापासून 'त्याला एकदा डोळ्यांनी बघायचंय' असं ती रोज म्हणते. मला नाही, भांड्यांना म्हणते, पण मला ऐकू जाईल अशा बेताने. तुमचं घर आमच्यापासून अठ्ठ्याहत्तर किलोमीटर. गाडी एका चार्जिंगमध्ये तेवढी जाते का, एवढाच प्रश्न होता.

आता मी पडलो वजनकाटे तपासणारा. काट्यात दोन ग्रॅमची खोट निघाली तर दुकानदाराच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत बोलतो. गाडीच्या माहितीपत्रकावर मी कसा विसंबणार? गाडीला तीन मोड आहेत. ईको म्हणजे सांभाळून, नॉर्मल म्हणजे चारचौघांसारखं आणि स्पोर्ट म्हणजे सासरहून माहेरी निघाल्यासारखं. घर ते ऑफिस आणि परत, अठरा किलोमीटर. रोज एक मोड. घरी आलो की हातपाय धुवायचे, चहा घ्यायचा, पेपर वाचायचा आणि मग खाली जाऊन बॅटरी किती उतरली ते वहीत लिहायचं. निकाल असा: ईकोत वीस टक्के उतरली, नॉर्मलमध्ये चौदा आणि स्पोर्टमध्ये अवघे नऊ!

म्हणजे गाडी जितकी पळवावी तितकी कमी खाते. मी हे ऑफिसात जाहीर केलं. साहेबांनी (त्यांचीही गाडी हीच) त्याच दिवसापासून स्पोर्ट धरला आणि तिसऱ्या दिवशी गाडी ढकलत, घामाघूम होऊन आले. ते अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

उलगडा पुढच्या आठवड्यात झाला. चहा घ्यायच्या आधीच, विसरलेला डबा आणायला मी खाली गेलो, तर आई गाडीशी चार्जर घेऊन उभी. म्हणाली, "अरे, दमून आलीये बिचारी. तू आल्या आल्या चहा घेतोस, तिला कोणी विचारतं का?" मामा, दारात आलेल्याला उपाशी ठेवणं तुमच्या बहिणीला जमत नाही हे तुम्हाला मी काय सांगावं! ईकोच्या दिवशी ती दाताच्या डॉक्टरांकडे गेली होती, तेवढा एकच आकडा खरा निघाला.

मग चार्जर कपाटात कुलूपबंद करून पुन्हा मोजलं. नॉर्मल पंचवीस, स्पोर्ट चौतीस, ईको वीसच. म्हणजे पूर्ण बॅटरीत ईकोवर नव्वद किलोमीटर आणि आईला मागे बसवून चौऱ्याऐंशी. तुमचं घर अठ्ठ्याहत्तर. तेव्हा तुमचं 'वाटेत सोडणार का' हे म्हणणं मी या पत्राद्वारे सप्रमाण खोडून काढत आहे.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
मोजपट्टी

ता. क. सप्रमाण, पण ईकोपुरतं. आज सकाळी आम्ही निघालो. चौसष्ट किलोमीटर आई मागे शहाण्यासारखी बसली. मग रस्त्याकडेला दगड आला, त्यावर तुमच्या गावाचं नाव आणि चौदा हा आकडा. तिने माझ्या खांद्यावर थाप मारली, "ते स्पोर्टचं बटण दाब ना रे!" मी टक्केवारी समजावू लागलो. ती म्हणाली, "तिथे गेल्यावर पाजू तिला पोटभर." आई माहेरी निघाली आहे, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. दाबलं बटण. बारा किलोमीटर ती मागे खिदळत होती, मामा. इतकी हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. उरलेले दोन राहिले.

ता. क. २. इथे वीज नाही, हवासुद्धा पायपंपाने भरतात. दुपारी तुम्ही फोन बंद करून झोपता, म्हणून पत्र. पंक्चरवाल्याचे मेहुणे सायकलवरून तिकडेच निघालेत, ते आणून देतील. तुम्ही गुडघा घेऊन येऊ नका, फक्त ओटीवरचा प्लग मोकळा करून ठेवा. मी गाडी ढकलत येतो.

ता. क. ३. मान वर केली तर बाकावर आई नाही. पंक्चरवाला म्हणतो, त्या कधीच चालत पुढे गेल्या. विचारलंत तर आई 'दमले नाही' म्हणेल, तो आकडा खरा धरू नका. आणि पत्र वाचत काय बसलात, मामा, दार उघडा!