आडसालीची चूक

सांगली

तीर्थरूप आबांच्या चरणी राजेश्वरीचा नमस्कार.

मी खुशाल आहे, जेवणही वेळेवर होते. आईची कंबर कशी आहे?

कोणालाही फुकट वापरता आणि सुधारता येईल असे आमचे ऊसनोंदीचे सॉफ्टवेअर काल शेतकऱ्यांना दाखवले. ते सुधारायला त्यांच्यातले कोणी सामील झाले नाही तर रहिमतपूरला घरी परतेन, हा शब्द आपल्याला दिला होता.

पडद्यावर आडसाली ऊस बारा महिन्यांतच तोडणीला आलेला पाहून समडोळीचे सुकुमारकाका ओरडले, “आवं ताई, दीड वर्साचा ऊस त्यो! कुनाच्या रानात वाडलासा?”

सारे हसले. मी खुर्ची सोडून म्हणाले, “काका, आपणच दुरुस्त करा.” त्यांनी एका बोटाने आकडा बदलला. मग प्रत्येकालाच चूक सापडू लागली. नऊजणांनी नावे दिली.

आबा, मी इथेच राहते. आडसालीचे मात्र भावकीत सांगू नका.

आपली लेक,
राजेश्वरी