खाचरांतली वाट

शेणवा,
२० एप्रिल २००८

ती. आरतीताईस,
स्नेहलचा सा. न. वि. वि.

फोनवर बोलले की सगळं घर कान देऊन ऐकतं, म्हणून ब्रेलमध्ये लिहितेय. हे ठिपके इथे माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नायत!

शहापूरच्या एका इस्पितळात टेलिफोनवर बसायची नोकरी चालून आलीय, १४ जुलैपासून. चंदरदादा म्हणतो, भाताच्या लावणीच्या घाईत तुला स्टँडवर कोण पोचवणार? एकटी जाता आलं तर जा, नायतर घरी बस. अंधशाळा सुटल्यापासून घरीच बसलेय गो. अंगणापलीकडे जायचं तर जयावहिनीचा हात मोकळा व्हायची वाट बघायची. जीव गुदमरतो.

वाट सांगणारी यंत्रं निघालीत म्हणे. एक गळ्यात घालायचं, आत नकाशे भरलेले. दुसरा बोलणारा फोन, जीपीएसची डबी वेगळी. तू वापरतेस, तूच सांग कुठलं घेऊ.

तुझ्या मायेची हक्कदार मावसबहीण,
स्नेहल

वैशाखरे,
२७ एप्रिल २००८

चि. स्नेहलला अनेक आशीर्वाद.

गळ्यातलं मुळीच घेऊ नकोस. मैत्रिणीचं मी इथे लावून बघितलं. मोठ्या रस्त्यावर पोपटासारखं बोललं, गावात वळले तशी त्याची दातखीळ बसली. आपल्या पायवाटांचे नकाशे कोण काढणार?

माझा जुना फोन डबीसकट पाठवतेय. याच्यात खुणा आपणच भरायच्या. कुणाला तरी घेऊन एकदा वाट चाल, जागोजागी थांबून बटण दाब, नाव दे. मग पुढची खूण कुठल्या अंगाला, किती लांब, ते तो सांगतो. इंग्रजीत हो, साहेबाच्या थाटात! पण खड्डा, गुरं, चिखल त्याला दिसत नाय. काठी सोडलीस तर कान उपटीन.

माया आहेच, तुझीही असू दे.
आरती

शेणवा,
१५ जुलै २००८

ती. आरतीताईस सा. न. वि. वि.

मे महिन्यात वहिनीबरोबर खुणा भरल्या. घर, आंबा, शाळा, स्टँड. रोज एकटी जाऊन यायचे, दादाची कुरकुरही थांबली होती. पाऊस लागला तशी फोन भिजेल म्हणून थांबले.

परवा फोन प्लास्टिकमध्ये गुंडाळून तालीम करायला निघाले. फोन म्हणाला, आंबा नाकासमोर. काठी पाण्यात गेली. वाटलं डबकं असेल, ओलांडू. तर गुडघाभर चिखलात, यमाजीकाकांच्या खाचरात, नुकत्याच लावलेल्या रोपांवर आडवी! उन्हाळ्यात सगळं गाव रिकाम्या खाचरांतून सरळ जातं, आमीही तशाच खुणा भरल्या. पावसात बांधाने वळून जायचं हे सांगायचं कुणाला सुचलंच नाय, कारण त्यांचे पाय आपोआप वळतात. माझे पाय कायम दुसऱ्याच्या हातामागून चाललेले, त्यांना काय कळणार?

काका ओरडले, आमची लावणी तुडवलीस. दादाने मला घरी आणलं आणि फोन पेटीत टाकला. इस्पितळवाले महिनाअखेरपर्यंत थांबतील, मग दुसरी बघतील. वहिनी शेतावर जाताना आता बाहेरून कडी लावते. काळजीपोटीच गो, रागावताही येत नाय. दिवसभर दाराला पाठ लावून बसते.

विसरू नकोस.
स्नेहल

वैशाखरे,
१९ जुलै २००८

चि. स्नेहलला आशीर्वाद.

तुझ्या पत्रावरून दोनदा बोटं फिरवली. पडली म्हणून कोंडतात होय? चंदर लहानपणी झाडावरून पडला, तेव्हा त्याला कुणी कोंडलं नव्हतं.

येत्या गुरुवारी मी येतेय, एकटी. मुरबाड, शहापूर, अशा गाड्या बदलत. तुझ्या स्टँडवर उतरेन, लावणीवाल्यांना विचारत बांधाबांधाने चालेन आणि प्रत्येक वळणावर माझ्या नव्या फोनात खूण भरेन. त्याच खुणांनी तुला घेऊन परत स्टँडवर जाऊ. चंदरला सांग, मला न्यायला येऊ नको.

लोभ राहू दे, धीरही राहू दे. दाराला कडी बाहेरून असते म्हणालीस. असू दे. मी बाहेरूनच येतेय.

आरती